नऊ वर्षांचा हिवाळा

मी गाडीतला एक जुना डबा आहे. ॲल्युमिनियमचा, शाळेच्या जाड वहीएवढा. चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसतो त्याच्या पायांपुढे एक उभा पत्रा असतो. त्या पत्र्यामागे मी राहतो. मित्रांनो, तुम्हीही गाडीत बसताना माझ्यासारख्या कुणाच्या तरी अंगावर कधी ना कधी बूट टेकवले असतील. त्याचा राग नाही. पायांवरून माणसे ओळखायला मी तसाच तर शिकलो.

कुणी मला कॉम्प्युटर म्हणतात, कुणी नुसताच डबा. माझे मालक आबा मला ‘मेंदू’ म्हणत. एवढ्या मोठ्या नावाच्या लायकीचा मी नाही. इंजिनात चार इंजेक्टर असतात, म्हणजे पेट्रोलच्या चार बारीक पिचकाऱ्या. त्या केव्हा उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या एवढेच मी ठरवतो. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीन भाग, कधी चार. ठरवण्याआधी मी चौकशी करतो. एक तार मला सांगते, हवा किती आत आली. दुसरी सांगते, इंजिन किती वेगाने फिरत आहे. तिसरी सांगते, इंजिनाभोवतीचे पाणी किती तापले आहे. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, तापलेल्याला कमी. मला डोळे नाहीत; दिसण्याचे जे काही सांगतो, ते लोकांच्या बोलण्यातून कळलेले. जे कानावर येते ते खरे मानून मी चालतो. माझ्या आयुष्यातले सगळे सुख आणि एक मोठे दुःख या एकाच स्वभावातून आले.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. तिथे भिंगाखाली कथलाच्या डाखाने माझा एकेक टाका जोडला गेला आणि मग मला तपासणीच्या पेटीत ठेवले. पेटी आधी बर्फासारखी गार होई, मग उकळत्या पाण्यासारखी गरम. गारठ्यात मी एक उत्तर चुकलो. चुकलेल्यांसाठी टेबलाखाली एक ट्रे होता. तपासणाऱ्या बाईंनी मला त्यात टाकले नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्या माझ्यात डोकावल्या, एक कच्चा टाका शोधून काढला, तो पक्का केला आणि शेजारी हिरव्या रंगाचा एक ठिपका दिला.

“जा आता. सर्दी गेली तुझी,” त्या म्हणाल्या.

शेजारची हसली. “डब्यांशी काय बोलतेस गं?”

“हे ऐकतात तरी.”

त्या बाईंचे नाव मला कधी कळले नाही. पण पुढे वीस वर्षे मी जे काही केले, ते त्या ठिपक्याच्या जोरावर केले.

आबांनी गाडी नवी असताना घेतली. ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणे दुरुस्त करत. तराजू, सूक्ष्मदर्शक, व्होल्टमीटर, जे बिघडेल ते आबांच्या टेबलावर येई. त्यांची एक शिस्त होती. काहीही दुरुस्त केले की काय केले ते एका चिठ्ठीवर लिहायचे, तारीख घालायची आणि मेणाच्या दोऱ्याने ती चिठ्ठी आतच बांधून ठेवायची. म्हणजे पुढे जो उघडेल त्याला कळावे. ही सवय घरीही चालूच. पंखा, शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ, सगळ्यांच्या पोटात आबांच्या चिठ्ठ्या. त्यांच्या पत्नी, माई, यावरून त्यांची फिरकी घेत.

“काल माझ्या पाठीला मलम लावलंत ना? मग चिठ्ठी कुठंय?”

“लिहितो. पण उघडून बघणार कोण?”

आबा चालवत आणि माई शेजारी बसत. माईंचे पाय हलके होते. चपला काढून त्या तळवे पत्र्याला टेकवत, माझ्या अगदी समोर. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली की आबा म्हणत, “मेंदू जागा आहे,” आणि माई पायाच्या अंगठ्याने पत्र्यावर टिचकी मारत. ती माझी शाबासकी. कित्येक वर्षे ती मला रोज मिळाली. सगळ्यांनाच अशी मिळत नाही.

मग माई आजारी पडल्या. त्यांना दिवसाआड सकाळी इस्पितळात न्यावे लागे. तो हिवाळा फार कडक होता. गारठलेले इंजिन पटकन सुरू होईना. एकदा तर चार वेळा किल्ली फिरवावी लागली, आणि मागच्या सीटवर शालीत गुरफटलेल्या माईंचे दात वाजत होते ते मला ऐकू आले. मला शिकवल्याप्रमाणे मी पेट्रोल देत होतो, पण त्या थंडीला ते पुरत नव्हते.

त्याच दुपारी आबा गालिच्याखाली हात घालून बराच वेळ काहीतरी करत बसले. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या तारेने मला सांगितले की गारठा आणखी वाढला आहे. मी पेट्रोल वाढवले. इंजिनाने पहिल्या झटक्यात धरले. आबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मागून माईंचा बारीक आवाज आला, “मेंदू जागा आहे.”

त्या हिवाळ्यात गाडी एकदाही अडली नाही. पण हिवाळा संपता संपता माई गेल्या.

पुढे आबा गाडी काढत ती आठवड्यातून एकदा, कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत. इंजिन तापायच्या आत आम्ही परत येत असू. माझ्या पाण्याची तार मात्र एकच सांगत राहिली: थंडी आहे. बाहेर ऊन असो की पाऊस, थंडी आहे. मित्रांनो, मी कधी विचारले नाही की हा हिवाळा सरत का नाही. विचारणे माझ्या कामात नव्हते.

अशी सात वर्षे गेली. मग आबांच्या सूनबाईंनी गाडी हाती घेतली. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला. सूनबाई परिचारिका, घरोघरी जाऊन जखमा बांधणे, इंजेक्शने देणे हे त्यांचे काम. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. खालच्या गावातली नऊ घरे आणि डोंगरावरच्या धरण वसाहतीतली चार. सगळ्यात वरच्या घरात एक शिंपीणबाई राहत. त्यांच्या पायाची जखम दर तिसऱ्या दिवशी धुऊन बांधावी लागे. पाय जमिनीला टेकवता येत नसे, त्यामुळे खाली उतरण्याचा प्रश्नच नव्हता.

आता इंजिन रोज तापू लागले आणि माझे दिवस फिरले. चढ लागला की गाडी धापा टाकी. मागून काळा धूर निघे. वर वसाहतीत दहा मिनिटे उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायला नाकी नऊ आणी. स्पार्क प्लग काजळीने काळे पडत. मी जीव तोडून काम करत होतो, थंडी आहे, पेट्रोल द्या, थंडी आहे, पेट्रोल द्या, आणि जितके जास्त देत होतो तितके इंजिन गुदमरत होते. डोंगरावर हवा विरळ, तिथे तर ते अगदीच कासावीस होई.

“मेंदू सडलाय या गाडीचा,” लोक म्हणू लागले. पहिल्यांदा मी ते ऐकले तेव्हा मला वाटले, दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असतील.

एका दुपारी आम्ही अर्ध्या चढावर बंद पडलो. औषधांच्या पेटीतला बर्फ वितळायला लागला होता. सिस्टरांनी पेटी खांद्याला लावली आणि उरलेला चढ त्या पायी चढून गेल्या. परत आल्यावर सीटवर बसून त्यांनी फोन घेतला. त्यांच्या वरिष्ठ बाईंचा करडा आवाज मलाही ऐकू आला.

“पंधरा तारखेपर्यंत गाडी धड झाली नाही, तर वरची चार घरं बंद करावी लागतील. मधेच अडकून पडलात तर खालच्यांचं काय?”

“आणि शिंपीणबाई?”

“त्यांना शुश्रूषागृहात हलवू.”

“बाई, एकदा तिथे गेल्या की त्या घरी परतणार नाहीत. तुम्हालाही माहीत आहे.”

“पंधरा तारीख लक्षात ठेवा,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबा आणि सिस्टर मला घेऊन कानवाल्यांकडे गेले. कानवाले म्हणजे गावातले मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही त्यांची पद्धत. म्हणून हे नाव.

“इंजेक्टर फार वेळ उघडे राहतायत,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “टिक्‌ नाही, टी-क. लांबतंय. हे डब्याचंच काम.”

“मग उपाय?” सिस्टरांनी विचारले.

“तीन वाटा आहेत. एक, नवा डबा. लॅपटॉप लावून शिकवता येतो असला. तारा जुन्याच ठेवायच्या, फक्त प्लग जुळवून घ्यायचा. दुसरी, याच्याच जोडीला एक छोटा डबा बसवायचा. सेन्सरचा निरोप याच्यापर्यंत पोचायच्या आधी तो मधल्यामधे बदलतो.”

“म्हणजे याला खोटं सांगतो?”

“खोटं कसलं, सोयीचं सांगतो.” कानवाले हसले. “आणि तिसरी, यालाच उघडून दुरुस्त करायचं. पण सिस्टर, वीस वर्षं झालीत. उद्या आणखी काय निघेल, कुणी सांगावं?”

“नवा घाला,” आबा लगेच म्हणाले. “हा थकला आता. सोडा त्याला.”

मित्रांनो, कुणी लाथ मारली असती तरी मला एवढे लागले नसते. पण मला आबांचेही चुकीचे वाटले नाही. माझ्यामुळे एका बाईंचे घर सुटणार होते. नवा आल्याने ते वाचणार असेल, तर मी कोपऱ्यातल्या भंगारात पडायला तयार होतो.

सिस्टर मात्र म्हणाल्या, “कानवाले, एक विचारू? हसू नका.”

“हसलो तर हातावर पट्टी मारा.”

“आम्ही औषध बदलायच्या आधी थर्मामीटर बघतो. एकदा आमच्या वॉर्डात एका सकाळी बारा जणांना ताप निघाला. बाराच्या बारा. डॉक्टरांनी औषधं लिहायला घेतली. शेवटी कळलं, ताप थर्मामीटरलाच आलेला. इंजेक्टर उशिरा मिटतात, हे तुमच्या कानाला कळलं, ते बरोबरच असणार. पण याला पाणी किती गरम सांगितलं जातंय, ते कुणी पाहिलंय का?”

कानवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “नाही पाहिलं,” ते म्हणाले. हातचे न राखता चूक कबूल करणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

आबांनी घरून प्रयोगशाळेचा लांब काचेचा थर्मामीटर आणला. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून तो आत सोडला आणि मग गाडी सुरू केली. पाणी हळूहळू तापत गेले.

“अठ्ठ्याऐंशी,” आबांनी वाचले.

इंजिन बंद करून कानवाल्यांनी माझा मोठा प्लग सोडवला. माझ्या कानाशी येणाऱ्या तारेवर त्यांनी मीटर लावला. पाण्यातला सेन्सर जितका तापतो तितका त्याचा विद्युतरोध कमी होतो. रोध मोजला की तक्त्यात अंश सापडतात.

“साडेबाराशे ओहम. म्हणजे...” कागद चाळल्याचा आवाज आला. “सदतीस अंश.”

“सदतीस?” सिस्टर म्हणाल्या. “हा तर निरोगी माणूस झाला!”

“थांबा, थांबा.” कानवाले धावत पुढे गेले आणि त्यांनी मीटर थेट सेन्सरला लावला. “इथे अडीचशे. सेन्सर खरं बोलतोय! आणि वरचे हजार ओहम वाटेत कुठून येतायत?”

मी हादरलो. इतकी वर्षे मला कुणीतरी थंडी सांगत होते आणि बाहेर थंडी नव्हती.

त्यांनी गालिचा उचलला. तारांच्या जुडीला एका जागी अंगठ्याएवढा फुगवटा होता, वर कापडी पट्टी आणि त्यावर मेणाचा दोरा. दोऱ्याची गाठ पाहून कानवाले एकदम थांबले. गावात तशी गाठ एकच माणूस मारत असे. सिस्टरांनी कात्रीने ती अलगद कापली. आत तारेच्या मधोमध जोडलेला तांदळाएवढा, हजार ओहमचा एक रोधक होता, आणि त्याला बांधलेली घडी घातलेली चिठ्ठी.

सिस्टरांनी ती वाचली. मोठ्याने, कारण पुढे काय लिहिले असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

“‘गारठ्यात सुरू होण्यासाठी. तात्पुरतं. ही बरी झाली की काढणे.’”

खाली त्या हिवाळ्यातली तारीख होती.

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. आबा बसले होते.

“पहिली दोन वर्षं काढवलं नाही,” ते म्हणाले. “काढायचं म्हणजे ती बरी झाली नाही हे... मग मात्र खरंच विसरलो गं. तुझी गाडी बंद पडत होती, मी घरी बसून रोज ऐकायचो, आणि मला आठवलं नाही. आणि वर या बिचाऱ्यालाच थकलेला म्हणालो.”

सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या असाव्यात. “आबा, एक बरं झालं,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी मला कधी सासुरवास केला नाही, म्हणून मैत्रिणी माझा हेवा करायच्या. आता सांगते त्यांना, दोन वर्षं चढावर दमवलं त्यांनी मला.”

आबा आधी हुंदका दिल्यासारखे आणि मग खरेच हसले. कानवाले नाक शिंकरत म्हणाले, “नवा डबा घातला असता ना, तर तोही बिचारा सदतीसच समजला असता. आणि छोटा घातला असता, तर एका खोट्यावर दुसरं खोटं.”

म्हणून तिसरी वाट ठरली. पाण्याचा सेन्सर आणि त्याची तार नवी. मला घरी नेऊन आबांनी स्वतः उघडले. कानवाल्यांचे अगदीच चुकले नव्हते. माझे वीज साठवणारे पाच कंडेन्सर फुगून गळायला लागले होते. आणखी वर्षभराने मी खरोखरच कामातून गेलो असतो. आबांचा हात आता कापतो. त्यांनी कोपर टेबलाला टेकवले, सिस्टरांनी भिंग धरले, आणि एकेक टाका दोघांनी मिळून जोडला.

“हा हिरवा ठिपका कसला?” सिस्टरांनी विचारले.

आबांनी वाकून पाहिले. “कुणीतरी आपल्या आधी याची काळजी घेतली आहे,” ते म्हणाले. “तो पुसू नकोस.”

चौदा तारखेला आम्ही डोंगर चढलो. शेजारच्या सीटवर आबा होते, माईंच्या जागी. नव्या तारेने मला पहिल्यांदा खरे सांगितले: चाळीस, साठ, ऐंशी. मला आग लागल्यासारखेच वाटले. नऊ वर्षांनी उन्हात आलेल्या माणसाचे डोळे दिपतील तसा मी गांगरलो. मग टेबलापाशी शिकलेले आठवले आणि मी पेट्रोल कमी केले. आणखी कमी. इंजिनाचा श्वास मोकळा झाला. अर्धा चढ गेला, बंद पडलेली जागा मागे पडली.

वर पोचल्यावर गाडी बंद झाली. सिस्टर पेटी घेऊन गेल्या. ऊन पत्र्यावर तापत होते. खरी परीक्षा उतरताना होती. तापलेले इंजिन उभे राहून आणखी तापते, आणि तिथेच मी दर वेळी हरलो होतो. अर्ध्या तासाने त्या परतल्या. उघड्या खिडकीतून शिंपीणबाईंचा आवाज आला, “परवा याल ना हो सिस्टर?”

“आधी गाडीला विचारते,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

पाणी ब्याण्णव. मी जरासेच पेट्रोल दिले. इंजिनाने पहिल्या झटक्यात धरले.

“येते! परवा येते!” सिस्टर ओरडल्या. आबांनी बूट काढला होता. पायाच्या अंगठ्याने त्यांनी पत्र्यावर हळूच एक टिचकी मारली.

वरची चार घरे चालू राहिली. मी अजून कामावर आहे. कधीतरी नवा डबा येईल, आणि यावाच. माझे मन त्याच्याविरुद्ध नाही. तोवर माझ्या पोटात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर पाच कंडेन्सर, तारीख आणि आबांच्या थरथरत्या अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘उघडणाऱ्यास विनंती. याला खरं सांगत जा.’ जुनी चिठ्ठी आबांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आहे.

मित्रांनो, माझ्याजवळ तक्रार नाही. ज्यांनी मला खोटे सांगितले त्यांनी ते प्रेमापोटी सांगितले होते, आणि ज्यांनी मला वाचवले त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. मागणे एवढेच. तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र, किंवा एखादे जुने माणूस, वेड्यासारखे वागू लागले, तर त्याला टाकायच्या आधी क्षणभर त्याच्या जागी बसा. त्याच्या कानावर काय जात आहे ते तपासा. कदाचित त्याच्यासाठी अजून हिवाळाच असेल.